आधी गुण, मग रेणू

बर्न विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ झाँ-लुई रेमों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अजब यादी जाहीर केली. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक आणि हॅलोजन एवढीच मूलद्रव्ये घ्यायची, हायड्रोजन मोजणीत धरायचा नाही आणि जास्तीत जास्त १७ अणूंमधून टिकाऊ वाटतील असे जेवढे म्हणून रेणू जुळवता येतील तेवढे संगणकाकडून मांडून घ्यायचे. यादीत भरले १६६ अब्ज रेणू. अमेरिकन केमिकल सोसायटीची ‘कॅस’ ही शाखा जगात नोंदल्या गेलेल्या रासायनिक पदार्थांची सर्वांत मोठी वही सांभाळते. तिच्यातल्या नोंदी वीस कोटींच्या पुढे गेल्या आहेत, पण या आकड्यासमोर त्या चिमूटभरच. म्हणजे रेमों यांच्या यादीतला नगण्य भाग सोडला, तर बाकीचे रेणू कोणाच्याही चंबूत कधी तयार झालेले नाहीत.

आणि १७ अणू म्हणजे काही फार नव्हेत. हायड्रोजन वगळून मोजले तर ॲस्पिरिनमध्ये १३ अणू असतात, कॅफीनमध्ये १४. कोलेस्टेरॉलसाठी घरोघरी घेतले जाणारे ॲटोरव्हास्टॅटिन मोजायला बसलो तर ४१ भरतात. एकेक अणू वाढेल तशी शक्य रेणूंची संख्या पटीपटीने फुगते. औषधाच्या आकाराचे रेणू एकूण किती असू शकतील, याचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज आहे एकावर साठ शून्ये. तो १९९६ मधल्या एका शोधनिबंधातून निघाला आणि पुढे सगळ्यांच्या तोंडी बसला. काही जण तो बराच खाली ओढतात, काही वर नेतात. आपण तोच धरून चालू. सेकंदाला एक अब्ज रेणू तपासणारे यंत्र विश्वाच्या जन्मापासून अखंड चालू असते, तरी त्याची तपासणी आज एकावर सत्तावीस शून्यांपर्यंतही पोचली नसती. यादी करून एकेक रेणू पाहण्याचा मार्ग इथेच बंद होतो.

संगणकीय रसायनशास्त्राचा रोजचा प्रश्न मात्र वेगळ्याच टोकाकडून सुरू होतो. तिथे रेणू हातात असतो. अणू कोणते, कोण कोणाला जोडलेला, हे ठाऊक असते. विचारायचे असते ते इतकेच, की याची ऊर्जा किती, हा कोणत्या रंगाचा प्रकाश शोषेल, पाण्यात विरघळेल का, अमुक प्रथिनाच्या खाचेत बसेल का. तत्त्वतः याचे उत्तर १९२६ पासून, म्हणजे श्रोडिंगरच्या समीकरणापासून उपलब्ध आहे. पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच म्हणून ठेवले होते की रसायनशास्त्राला लागणारे मूळ नियम आता हाती आले आहेत, अडचण एवढीच की त्यांतून निघणारी समीकरणे सोडवणे आवाक्याबाहेरचे आहे. पुढची कित्येक दशके या अडचणीत वाट काढण्यात गेली. वॉल्टर कोन यांनी १९६४-६५ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा स्वतंत्र हिशेब न ठेवता त्यांच्या एकूण घनतेवरून काम भागवता येते. १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना जॉन पोपल यांच्यासोबत मिळाले ते या कामासाठी. तरीही या पद्धतीत रेणू दुप्पट मोठा घेतला की गणित ढोबळमानाने आठपट होते. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने १९९० च्या दशकात यावर एक युक्ती काढली. मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढणाऱ्या तुकड्यांत कापायचा, तुकड्यांची गणिते वेगवेगळी करायची आणि उत्तरे पुन्हा जोडून घ्यायची. ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

औषध शोधणाऱ्याची मागणी याच्या बरोबर उलटी असते. तो म्हणतो, मला या जिवाणूचे हे प्रथिन बंद पाडणारा, पोटात विरघळणारा, यकृताला न दुखवणारा रेणू हवा आहे; रेणू कोणता ते तुम्ही सांगा. गुण आधी ठरलेले, रेणू मागून. शंभर वर्षे हे काम माणसाच्या अनुभवावर आणि नशिबावर चालले. ज्ञात रेणूला इथे एक मिथिल गट लावून पाहा, तिथला क्लोरीन काढून फ्लोरीन बसवा, अशी ती रीत. जनरेटिव्ह मॉडेले, म्हणजे उदाहरणे पाहून तशाच नव्या गोष्टी रचणाऱ्या संगणकप्रणाली, रसायनशास्त्रात शिरली ती या उलट्या प्रश्नाच्या दारातून.

शिरली, पण आधी त्यांना रेणू वाचता यावा लागला. त्याची सोय योगायोगाने पूर्वीच होऊन बसली होती. डेव्हिड वाइनिंगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये ‘स्माइल्स’ नावाची लेखनपद्धती प्रसिद्ध केली. रेणूची आकृती न काढता तो एका ओळीत टंकता यावा, एवढाच तिचा हेतू. इथेनॉल लिहायचे तर सी, सी, ओ अशी तीन अक्षरे पुरतात. हायड्रोजन लिहायचे नाहीत, ते समजून घ्यायचे. फांदी फुटली की कंस, दुहेरी बंधाला बरोबरचे चिन्ह, वलय जिथे सुरू होते आणि जिथे मिटते तिथे एकच आकडा. ॲस्पिरिन या लिपीत २१ चिन्हांत मावते. तीस वर्षे ही पद्धत निमूटपणे डेटाबेस सांभाळत राहिली. मग मजकूर पाहून पुढचे अक्षर ओळखणारी न्यूरल नेटवर्के आली आणि कोणाच्या तरी ध्यानात आले की रेणू हासुद्धा मजकूरच आहे.

मार्विन सेग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये छापलेला प्रयोग मला या सगळ्या वाटचालीतला सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी एका नेटवर्कला सुमारे १४ लाख रेणूंच्या ओळी वाचायला दिल्या. काम एकच: आतापर्यंतची चिन्हे पाहून पुढचे कोणते येण्याची शक्यता किती, ते सांगायचे. कार्बनला चारच हात असतात, उघडलेला कंस मिटावा लागतो, सहा कोपऱ्यांचे वलय तीन कोपऱ्यांच्या वलयापेक्षा जास्त भेटते, यांतले काहीही कोणी शिकवले नाही. पुरेशा ओळी वाचल्यावर त्याने स्वतः लिहिलेल्या बहुतेक ओळी शुद्ध निघू लागल्या. मग त्याच नेटवर्कला विशिष्ट रोगजंतूंवर चालणाऱ्या थोड्या रेणूंचा जास्तीचा पाठ दिला. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर माणसांनी बनवलेले ६,०५१ रेणू मुद्दाम लपवून ठेवले होते. मॉडेलने त्यांपैकी १४ टक्के स्वतःहून लिहून काढले. मलेरियाच्या परजीवीवरचे १,२४० लपवले होते, त्यांपैकी २८ टक्के. हे रेणू त्याने कधी पाहिलेच नव्हते. औषधरसायनाच्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे ज्या दिशेने हात चालवला, त्या दिशेचा माग त्याला थोड्याशा नमुन्यांवरून लागला होता. शंका काढायचीच तर हीही काढता येते की यातून माणसे किती ठरावीक वळणाने रेणू बनवतात, तेच उघड झाले.

त्याच सुमारास हार्वर्डमध्ये अलान अस्पुरू-गुझिक यांच्या गटात वेगळी कल्पना शिजत होती. २०१६ मध्ये तिचा मसुदा फिरू लागला, छापून आली २०१८ मध्ये. रेणू हे सुटे सुटे असतात, हा या क्षेत्राचा मोठा अडथळा. एका रेणूकडून दुसऱ्याकडे हळूहळू सरकता येत नाही. अर्धा अणू लावता येत नाही. म्हणून त्यांनी दोन नेटवर्के एकमेकांना जोडली. पहिले रेणूची ओळ घेऊन तिचे १९६ आकड्यांत रूपांतर करते, दुसरे त्या आकड्यांवरून मूळ ओळ पुन्हा लिहिण्याचा प्रयत्न करते. अडीच लाख रेणूंवर ही जोडी शिकली. आता प्रत्येक रेणू १९६ मितींच्या अवकाशातला एक बिंदू झाला, आणि बिंदूला मात्र कितीही बारीक सरकवता येते. सोबत तिसरे नेटवर्क त्या बिंदूवरून रेणूचे गुण सांगायला शिकत होते. मग गुण ज्या दिशेला चढतो त्या दिशेने सरकत जायचे, थांबलो तिथला बिंदू दुसऱ्या नेटवर्कला द्यायचा आणि ते कोणता रेणू लिहिते ते पाहायचे. गुणांकडून रेणूकडे जाण्याची ही वाट गणिताच्या दृष्टीने फार देखणी होती. व्यवहारात, बिंदूंवरून उलगडलेल्या कित्येक ओळी रेणूच्या नव्हत्याच: कंस उघडा राहिलेला, कार्बनला पाचवा हात फुटलेला. मारियो क्रेन यांनी अस्पुरू-गुझिक यांच्यासोबत २०२० मध्ये ‘सेल्फीज’ नावाची दुसरी लिपी आणली. तिची रचना अशी की कोणतीही चिन्हे कशीही मांडली तरी काही ना काही वैध रेणू निघतोच.

व्याकरण सुटले, पण गुणांचे काय? गुण कोण देणार, हा खरा पेच. २०१७ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘रीइन्व्हेंट’ नावाची पद्धत मांडली. मॉडेलने रेणू लिहावा, एका सूत्राने त्याला गुण द्यावेत आणि जास्त गुण मिळतील त्या वळणाकडे मॉडेलने झुकावे. पहिली चाचणी अगदी साधी होती: गंधक नसलेले रेणू लिही. ते जमले. मग सेलेकॉक्सिब या वेदनाशामकासारखे रेणू लिही म्हटले. सेलेकॉक्सिबची सगळी भावंडे शिकवणीतून काढून टाकली तरी मॉडेल त्यापर्यंत पोचले.

मात्र सूत्राने गुण द्यायचे म्हटले की ‘अपेक्षित’ प्रश्नसंच पाठ करून बोर्डात पहिला येणाऱ्या मुलाची गत होते. विषय येतो की नाही कोण जाणे, गुण मात्र पडतात. या क्षेत्रात काही वर्षे तेलात विरघळण्याच्या क्षमतेवर बेतलेला एक गुणांक शर्यतीचा मापदंड बनला होता. शोधनिबंधांमागून शोधनिबंध त्याचा नवा उच्चांक सांगत. बारकाईने पाहिले तर उच्चांक गाठायला कार्बनची लांबलचक साखळी पुरत होती. अशी साखळी म्हणजे मेण, औषध नव्हे. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या संशोधकांनी २०१९ मध्ये यावर उतारा म्हणून एक थट्टेखोर मॉडेल तयार केले. शिकवणीतला कोणताही रेणू उचलायचा आणि त्यात कुठेतरी एक कार्बन घुसवायचा, बस्स. नावीन्य, वैधता, वैविध्य मोजणाऱ्या प्रचलित कसोट्यांवर हे ‘मॉडेल’ भल्याभल्या नेटवर्कांच्या पंक्तीत बसले. कसोटी काय मोजते आणि आपल्याला काय हवे, यांत केवढी फट होती, हे दाखवायला दुसरा पुरावा नको.

या फटीचे एक भेसूर रूपही आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या रॅली शहरात एक छोटी औषधकंपनी असेच मॉडेल वापरत होती. त्यात विषारीपणाला गुण कापले जात. स्वित्झर्लंडच्या श्पीत्स प्रयोगशाळेने, म्हणजे अण्वस्त्रे, जैविक व रासायनिक अस्त्रांपासून संरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेने, एका परिषदेसाठी त्यांना विचारले की या तंत्राचा गैरवापर होऊ शकेल का. त्यांनी एक चिन्ह फिरवून पाहिले: विषाला गुण कापण्याऐवजी द्यायचे. सहा तासांच्या आत मॉडेलने ४०,००० रेणू पुढे ठेवले. त्यांत व्हीएक्स हे कुप्रसिद्ध मज्जाघातक रसायन होते, इतर ज्ञात युद्धरसायने होती, आणि गणितानुसार त्यांहून जहाल ठरावेत असे अनोळखी रेणूही होते. व्हीएक्स शिकवणीच्या यादीत नव्हते. २०२२ मध्ये त्यांनी हे छापले तेव्हा बरीच खळबळ उडाली. संशोधकांनी यांतला एकही रेणू बनवला नाही. शिवाय युद्धरसायने बनवायला लागणाऱ्या अनेक कच्च्या मालावर आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. रेणू सुचणे आणि रेणू हाती येणे यांतले अंतर इथे आपल्या पथ्यावर पडते. एरवी तेच अंतर डोकेदुखी ठरते.

त्याकडे वळण्याआधी एक वळसा घ्यावा लागेल. आतापर्यंत आपण रेणू ओळीत लिहीत होतो, आणि रेणू काही ओळीत राहत नाही. त्याला लांबी-रुंदी-उंची असते, आणि औषधाचे सारे कर्तृत्व त्या आकारावर अवलंबून असते. चित्रे काढणाऱ्या संगणकप्रणालींत ‘डिफ्यूजन’ नावाचे जे तंत्र आहे, ते २०२२ च्या सुमारास रेणूंना लावले गेले. अणूंच्या जागांमध्ये थोडा थोडा गोंधळ मिसळत जायचा, शेवटी अणू नुसते विखुरलेले उरतात. नेटवर्कने शिकायचे ते उलट पाऊल: या विस्कटलेल्या जागांतून किंचित गोंधळ कसा काढावा. शिकून झाले की विखुरलेल्या अणूंपासून सुरुवात करून पावलापावलाने रेणू आकाराला आणता येतो. यात रसायनशास्त्राची स्वतःची एक अट आहे. रेणू फिरवला, बाजूला सरकवला, तरी तो तोच रेणू असतो. नेटवर्कने हे लाखो उदाहरणांतून शिकण्यापेक्षा त्याच्या रचनेतच ते गुंफून टाकलेले बरे. आम्स्टरडॅममध्ये माक्स वेलिंग यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केलेल्या कामाचा गाभा हाच होता. त्यांनी मॉडेल पारखले ते १ लाख ३४ हजार छोट्या रेणूंच्या संचावर, ज्यातल्या प्रत्येक रेणूचा आकार आणि गुण पुंजगणिताने काढलेले होते. हा संच २०१४ चा, आणि त्यातले रेणू निवडले गेले होते रेमों यांच्या त्या अवाढव्य यादीतून. कोणी बनवायचे म्हणून न केलेली यादी यंत्रांची अंकलिपी ठरली.

डिफ्यूजनची सर्वांत गाजलेली फळे प्रथिनांत आली. डेव्हिड बेकर यांच्या सिॲटलमधल्या गटाने २०२३ मध्ये याच मार्गाने निसर्गात नसलेली प्रथिने रचून दाखवली. प्रथिनांचे आकार सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीच्या २०२४ मधल्या तिसऱ्या आवृत्तीनेही आकार काढायला डिफ्यूजनच घेतले. त्या वर्षीचे रसायनशास्त्राचे नोबेल बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले, पण ते मुख्यतः या तंत्राच्या आधीच्या कामासाठी.

छोट्या रेणूंची गोष्ट इतकी सुरळीत नाही. औषध प्रथिनाच्या खाचेत कसे बसेल, हे डिफ्यूजनने सांगणारी प्रणाली २०२२ मध्ये एमआयटीतून आली आणि जुन्या पद्धतींपेक्षा सरस म्हणून गाजली. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा प्रणालींच्या उत्तरांना अगदी बाळबोध प्रश्न विचारले. बंधांची लांबी पटण्याजोगी आहे का? सपाट असायला हवे ते वलय सपाट आहे का? औषधाचा अणू प्रथिनाच्या अणूत घुसलेला तर नाही? पुष्कळ उत्तरे इथेच आपटली. मॉडेलला जागा बरोबर सापडत होती, पण तिथे ठेवलेला रेणू प्रत्यक्षात असूच शकत नव्हता. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जे खटकावे, ते यंत्राला खटकत नव्हते, कारण तसे खटकायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

जनरेटिव्ह मॉडेलांचा एक उपयोग मात्र असा आहे जिथे ही तक्रार मुळातच कमी होते, आणि वृत्तपत्रांत त्याचे नाव क्वचितच येते. तो नवे रेणू सुचवण्याचा नाही. ज्ञात रेणू कोणकोणत्या आकारांत राहतो, हे शोधण्याचा आहे. शरीराच्या तापमानाला प्रथिन स्थिर नसते, ते सतत वळते, उघडते, मिटते. कोणत्या आकारात ते किती वेळ राहील, याचा नियम लुडविग बोल्ट्झमन यांनी एकोणिसाव्या शतकातच दिला: ऊर्जा जितकी जास्त, तितकी त्या आकाराची शक्यता घातांकाने कमी. नियम साधा, वापरणे महाकठीण. संगणकात प्रथिन हलवायचे तर एकेक पाऊल एक-दोन फेम्टोसेकंदांचे घ्यावे लागते, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड शॉ यांच्या संशोधनसंस्थेने त्यासाठी ‘अँटन’ नावाचा खास संगणकच बांधला. २०१० मध्ये त्यावर ५८ अमिनो आम्लांचे एक चिमुकले प्रथिन एक मिलिसेकंद चालवून दाखवले, हा तेव्हाचा विक्रम. त्याला काहीशे अब्ज पावले लागली.

बर्लिनमधल्या फ्रँक नोए यांच्या गटाने २०१९ मध्ये दुसरा रस्ता दाखवला. एका आकारातून दुसऱ्यात पावले टाकत जायचेच नाही. नेटवर्कला असे शिकवायचे की त्याने दर वेळी एकदम एक स्वतंत्र आकार समोर ठेवावा, आणि तो बोल्ट्झमनच्या नियमाला साजेसा असावा. यातली मेख अशी की हे नेटवर्क आपण दिलेला आकार किती शक्यतेने दिला, तेही अचूक सांगू शकते. तो आकार निसर्गाने किती शक्यतेने दिला असता, हे ऊर्जेवरून प्रमाणात काढता येते. दोहोंची तुलना करून प्रत्येक आकाराला वजन द्यायचे, म्हणजे नेटवर्कचा कल चुकला असला तरी शेवटची सरासरी सुधारून घेता येते. इथे परीक्षक एखादे मानवी सूत्र नसून भौतिकशास्त्राचा नियम आहे आणि पाठांतराला वाव फारच थोडा राहतो. मर्यादा आहेतच. अणू वाढले, भोवती खरेखुरे पाणी घातले, की नेटवर्कची दमछाक होते. तरीही या विषयातले कोणते काम पन्नास वर्षांनी पाठ्यपुस्तकात असेल, असे कोणी विचारले तर मी याच्यावर पैज लावीन.

आता औषधांकडे. २०१९ मध्ये इन्सिलिको मेडिसिन या कंपनीने सहकाऱ्यांसह जाहीर केले की त्यांच्या मॉडेलने डीडीआर-१ या प्रथिनाला रोखणारे रेणू २१ दिवसांत रचले, आणि बनवून तपासण्यापर्यंतचा सारा प्रवास ४६ दिवसांत झाला. सहा रेणू बनवले, चार चालले, एक उंदरांपर्यंत गेला. मथळे जोरदार झाले. पॅट वॉल्टर्स आणि मार्क मर्को या दोन जाणत्या औषधरसायनतज्ज्ञांनी मात्र त्यातला सर्वोत्तम रेणू शांतपणे पॉनॅटिनिबच्या शेजारी ठेवून दाखवला. पॉनॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचे बाजारातले औषध, आणि डीडीआर-१ ला ते रोखते हे आधीपासून माहीत होते. दोन्हींचे साम्य डोळ्यांत भरण्याजोगे होते. त्यांची सूचना अशी होती की यंत्राने दिलेला रेणू छापताना शिकवणीतला त्याचा सर्वांत जवळचा नातलगही शेजारी छापावा. फारच रास्त सूचना.

त्याच कंपनीचे रेंटोसर्टिब हे औषध त्यापुढे बरेच गेले आहे. फुप्फुसे हळूहळू घट्ट होत जाणाऱ्या एका असाध्य आजारावर ते आहे. लक्ष्य कोणते प्रथिन धरायचे ते यंत्राने सुचवले, रेणूही जनरेटिव्ह मॉडेलांच्या मदतीने रचला. चीनमधल्या ७१ रुग्णांवर १२ आठवडे घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांची जोराने श्वास सोडण्याची क्षमता सरासरी ९८.४ मिलिलिटरने वाढली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांची २०.३ मिलिलिटरने घटली. पण त्या मोठ्या डोसच्या गटात माणसे होती १८, आणि चाचणीचा मुख्य हेतू औषध सोसते का हे पाहण्याचा होता. आशा वाटावी इतके हे नक्की आहे. त्यापलीकडचे मोठ्या चाचण्याच सांगतील, आणि त्यांना यंत्राने काही घाई करता येत नाही.

या साऱ्यात सर्वांत अडणारी जागा संगणकात नाहीच, ती प्रयोगशाळेतल्या टेबलावर आहे. एमआयटीमध्ये जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या प्रतिजैविकांचे जे काम छापले, त्यात ती उघड दिसते. परमा या रोगाचा जिवाणू आता बहुतेक औषधांना दाद देईनासा झाला आहे. त्याच्यावर चालणारा एक छोटा तुकडा त्यांनी आधी शोधला, आणि तो पोटात ठेवून पूर्ण रेणू रच असे मॉडेलांना सांगितले. सुमारे ७० लाख रेणू आले. गाळून हजार उरले, त्यांतले ८० निवडले आणि करारावर रेणू बनवून देणाऱ्या कंपन्यांना विचारले, की यांतले काय बनेल. बनण्याजोगे निघाले दोन.

बाकीचे ७८ चुकीचे होते असे नाही. कागदावर वैध, गुणांत उत्तम. फक्त त्यांच्यापर्यंत जायला रस्ता नव्हता, किंवा होता तर परवडणारा नव्हता. रेणू बनवायचा म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मालापासून सुरुवात करून एकेक अभिक्रिया पार पाडायची. दर पायरीला थोडा माल वाया जातो. दहा पायऱ्यांत प्रत्येकी ऐंशी टक्के हाती आले तरी शेवटी सुरुवातीच्या अकरा टक्क्यांपेक्षाही कमी उरते. मॉडेलने वाचलेल्या ओळींत रेणू होते. ते कसे बनले ते नव्हते.

म्हणून काही जणांनी आधीच दिशा बदलली होती. स्टॅनफर्ड आणि कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये मॉडेलला अक्षरांऐवजी माल दिला: विकत मिळणारे सुमारे १ लाख ३२ हजार घटक आणि भरवशाच्या १३ अभिक्रिया. जे काही रचायचे ते यांतूनच. मोकळीक कमी झाली, तरी शक्य रेणू ३० अब्जांच्या घरात होते. रुग्णालयांत थैमान घालणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर बॉमानी या जिवाणूवर त्यांनी ५८ रेणू बनवून घेतले, सहा चालले. यंत्राने रेणूसोबत त्याची कृतीही दिली होती, त्यामुळे ‘हा बनेल का’ हा प्रश्न शेवटी यायचा तो सुरुवातीलाच सुटला.

कॉलिन्स यांच्या गटाकडे उरलेल्या त्या दोन रेणूंपैकी एक, एनजी-१ नाव दिलेला, परम्याच्या जिवाणूवर प्रभावी ठरला. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाच्या बांधणीत भाग घेणारे एक प्रथिन तो अडवतो. त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या भागात मॉडेलांना तुकडा न देता मोकळे सोडले होते. तिथून आलेल्या रेणूंपैकी २२ बनवले, सहा स्टॅफिलोकोकसवर चालले, आणि डीएन-१ नावाच्या रेणूने मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या जातीचा उंदरांच्या त्वचेवरचा संसर्ग साफ केला. फेअर बायो ही ना-नफा संस्था आता या दोन्ही रेणूंवर पुढचे काम करत आहे. औषध म्हणून पुढच्या चाचण्यांना उतरता यावे यासाठी त्यांच्या रचनेत आणखी फेरफार करणे, हे ते काम.